राखायला दिलेलं जहाज

दिंद्रुड,
६ जानेवारी २०२५

अंगद भाऊजी,

हे पत्र आणि सोबतचा खोका जमीलचाचांच्या हाती देते आहे. ते उद्या माळेगावला, जत्रेतल्या तुमच्या पाळण्यावर परत निघालेत. आधी पत्र वाचा, मग खोका उघडा. तुम्ही उलटं कराल म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं.

खोक्यात यांचं जहाज आहे. तेच, प्लास्टिकचे तुकडे जोडून करायचं, जे हे सुट्टीला आले की काढून बसायचे. माझ्या जुन्या साडीत गुंडाळलंय.

नेव्हीचा कागद डिसेंबरात आला. दिवाळीच्या आधी समुद्रात वादळ झालं, लाटेनं डेकवरून नेलं, पुष्कळ शोधलं, सापडले नाहीत, आता गेले असं समजावं, असं त्यात आहे. सोबत आलेले साहेब चांगले होते. नानांसमोर जमिनीवर बसले, पाणी प्याले.

आता नाना मंजरथच्या गुरुजींना विचारून आलेत. देह मिळाला नाही तर दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करतात. डोक्याच्या जागी नारळ. त्याला अग्नी देतात. त्याशिवाय सुतक धरता येत नाही आणि फिटतही नाही, घर मधेच लोंबकळत राहतं. धाकट्या वन्संचं ठरलेलं लग्न तसंच पडलंय, पोराकडचे निरोपावर निरोप पाठवतात. नाना वाईट माणूस नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ते मला म्हणाले, "पोरी, तू हो म्हनल्याबिगर मी काडी लावनार न्हाई. पर पाडव्याच्या आत काय ते सांग." मी मान खाली घालून भाकरी थापत राहिले.

पुतळ्यासोबत त्यांची आवडती वस्तू ठेवायची असं आत्याबाई, म्हणजे तुमची मोठीआई, म्हणाल्या, आणि त्यांनी फळीवरच्या जहाजाकडं बोट केलं. म्हणून हा खटाटोप. जहाज कुठं गेलं विचारलं तर उंदरानं कुरतडलं, फेकून दिलं असं सांगणार आहे.

मला वाटतं हे येतील. हे मी घरात कुणाला बोलत नाही. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही ऐकून दुसऱ्या मिनिटाला भलत्याच गोष्टीवर जाता, समजूत घालत बसत नाही. माझा फोन आत्याबाईंनी काढून घेतलाय. मी दिवसभर यांचाच नंबर लावत राहते म्हणून. तुमचा तर पाळण्यावरून पडून फुटला म्हणे. चाचांच्या लेकीच्या, शाईस्ताच्या शिलाईच्या दुकानातून त्यांच्या फोनवर बोलता आलं असतं, पण तिथं ब्लाउज टाकायला आलेल्या बायका बसलेल्या असतात, आणि बोलायला लागलं की मला रडू येतं. लिहिताना येत नाही. तेव्हा उत्तर चाचांबरोबर शाईस्ताकडं पाठवा.

जहाज जसं आहे तसं ठेवा.

तेजश्री

*

माळेगाव, पाळण्याखालून,
१४ जानेवारी

वहिनी,

पत्र आधी वाचलं. म्हणजे खोका उघडला होता, पण जहाज बाहेर काढायच्या आधी वाचलं, एवढं खरं.

जत्रा कवाच उलगली. आमचाच पाळणा अजून उभा हाय, कारण बेअरिंग गेलंय आणि जमीलचाचा लातूरचं सामान आल्याबिगर खोलू देत न्हाईत. सगळीकडं नुसते खुंटे आणि लीद. ह्या साली घोडे लई आलते. एक पांढरा घोडा तर असा नाचायचा की त्याचा मालकच त्याच्याकडं बघून लाजायचा. मी त्याच्या मालकाला म्हणलं, मला ठेव कामाला. तो म्हणला, घोड्याची भाषा येती का. मी म्हणलं न्हाई, पर गाढवाची येती, आमच्या शाळेत तीच चालायची. तर असं. दहावीला गणितात उडालेल्या माणसाला कुणी घोड्यापाशीबी उभं करत न्हाई.

जहाजाचं लिहितो. नीट हाय. एक कणबी मोडला न्हाई. तिकिटाच्या केबिनीत मी झोपतो, तिथं वर पत्र्याला दोरीची शिंकाळी बांधून त्यात ठेवलंय, म्हणजे खाली पाणी आलं तरी भिजायचं न्हाई. हातभर लांब हाय, मला वाटलं त्यापेक्षा जड लागलं. पुढची तोफ, मधले दोन मनोरे, सगळं दादानं लावलंय, पर मधी मधी उघडं हाय. खांब न्हाई, कडेचे कठडे न्हाईत, रंग न्हाई. बाकीचे तुकडे प्लास्टिकच्या जाळीत तसेच हायत. आणि एका काडीपेटीत एक इवलंसं हेलिकॉप्टर, पंख लावून तयार. हरवू नये म्हणून ठेवलं असंल.

दादा मला म्हणलावता, ही आपल्या बोटीची न्हाई, आपल्या बोटीचा संच मिळत न्हाई, ही परदेशातली, पर जवळपास तशीच. विनाशिका म्हणतात हिला, असं त्यानं सांगितलं. मी म्हणलं, असलं नाव ठेवून हिला कोण करून घेईल. तो एवढा हसला की नखं कापायच्या यंत्रानं जाळीतून तुकडा कापत होता तो उडून मोठीआईच्या डाळीत पडला. तुमी तवा नव्या नव्या होतात. तुमी सगळी डाळ निवडून तो काढलावता, आठवतंय का. नाना म्हणलेवते, एका सरकारी नोकरदाराला घरी येऊन खेळण्याची हौस, तर पोरं व्हायची कवा.

तुमी जे लिहिलं की हे येतील, त्याच्यावर मी काय बोलू. दादा पोहायला वाघ होता. माजलगावच्या धरणात ह्या काठावरनं त्या काठाला जायचा, मी कपडे धरून बसायचो. तेवढं मला माहीत हाय.

आई-बाप गेल्यापासून तुमच्याच घरात वाढलो, त्यामुळं जहाज माझ्यापाशी म्हणजे घरातच हाय समजा. काळजी करू नका. इथनं आता परभणीच्या उरुसाला.

तुमचा अंगद

*

दिंद्रुड,
२ फेब्रुवारी

अंगद भाऊजी,

पत्र मिळालं. डाळीतला तुकडा आठवतोय.

इकडची संक्रांत सांगते. मी बायकांना बोलावलं नव्हतं, पण रिवाजानं मला तीन घरची बोलावणी आली, म्हणजे बायका दारापर्यंत आल्या आणि बोलावणं न करताच परतल्या. समोरच्या कडूबाई दारापर्यंत आल्या, हातात हळदी-कुंकवाची कोयरी, आणि उंबऱ्यावर थांबल्या. त्यांना कळेना मला कुंकू लावावं का नाही. मलाही कळेना कपाळ पुढं करावं का नाही. शेवटी त्यांनी तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाल्या, ऊन लई वाढलं बाई. जानेवारीत. मी पण म्हणाले, हो, लईच.

गावानं मला अजून कुठं बसवायचं ते ठरवलेलं नाही. मी येताना दिसले की बोलणं थांबतं. शाईस्ता तेवढी नेहमीसारखी वागते, माझ्या हाती बटणं देते आणि काजं करायला लावते.

उंदराची गोष्ट आत्याबाईंनी ऐकून घेतली. पटली असं वाटत नाही, कारण त्या म्हणाल्या, उंदरानं खोका पण नेला का.

नाना रोज सकाळी ओसरीवर बसून माझ्याकडं बघतात आणि काही विचारत नाहीत. विचारलं असतं तर बरं. वन्संच्या सासरचे परवा येऊन गेले. पाडव्यानंतर थांबणार नाहीत असं सांगून गेले. वन्सं त्या दिवशी माझ्या ताटाला ताट लावून जेवल्या नाहीत.

मी हो म्हणणार नाही. अजून तरी नाही. मनातून जोवर वाटतंय तोवर मी कसं म्हणू की जाळा.

जहाज कसं आहे ते लिहा. घोड्यांचं नंतर, आधी जहाजाचं.

तेजश्री

*

परभणी,
१८ फेब्रुवारी

वहिनी,

आधी जहाजाचं: चांगलं हाय. लई चांगलं हाय. ह्याच्यापेक्षा जास्त आज सांगणार न्हाई.

उरूस जोरात झाला. आमचा पाळणा ह्या खेपेला एकदाच अडकला, नेमका वरच्या डब्यात एक नवरदेव-नवरी. खाली दोघांचे सगळे पाव्हणे. नवरदेव वरून ओरडत होता, ए चालू कर बे. नवरी मजेत शेंगा खात होती. मला वाटतं त्यांचं नीट चालंल.

कडूबाईचं वाचून मला असा राग आला की मी चाचाला म्हणलं, मी गावाकडं जाऊन येतो. चाचा म्हणले, जाऊन काय करणार, तिच्या कपाळावर कुंकू लावणार का. मग पाळण्याला ग्रीस लावत बसलो.

पर तुमचं पत्र मी चार-पाच येळा वाचलं. तुमी दरवेळी जहाजाचंच विचारता. मला एकदम ध्यानात आलं की वहिनीला काय पाहिजे ते ती तोंडानं मागणार न्हाई. तिच्या घरात सगळं अर्धं हाय. कुंकू अर्धं, सुतक अर्धं, लग्न अर्धं. निदान एक तरी गोष्ट तिच्यासमोर धड ठेवावी. म्हणून तुमच्यासाठी एक काम काढलंय. काय ते इचारू नका. हात जरा चिकट झालेत म्हणून अक्षर असं आलंय.

चाचा बडबड करतात. काल केबिनीत डोकावून म्हणले, "अमानत हाय ना रे वो? अमानत को हात नै लगाते." मी म्हणलं चाचा, आमच्या घरातली वस्तू हाय, परक्याची थोडीच. ते त्यांच्या बेअरिंगकडं निघून गेले. म्हाताऱ्या माणसाला प्रत्येक गोष्टीत भ्याव वाटतं.

चाचांना इतक्यात गावाकडं जायला जमणार न्हाई, म्हणून हे पत्र पोस्टानं शाईस्ताच्या पत्त्यावर टाकतोय. मिळंल न मिळंल. पुढं परळीला महाशिवरात्र.

तुमचा अंगद

*

परळी,
८ मार्च

वहिनी,

चाचा आज घरी निघालेत, त्यांच्यासंगं जहाज पाठवतोय. मागचं पत्र पोचलं का न्हाई कळलं न्हाई, तुमचं उत्तर आलं न्हाई, पर आता उत्तराची गरजच न्हाई, उघडून बघा.

झालं. सगळं झालं.

कसं केलं ते सांगतो. जाळीतला तुकडा कापायचा, तासायचा, चिमट्यात धरून फेविक्विकचा ठिपका लावायचा आणि श्वास धरून बसायचं. माझी बोटं म्हणजे मक्याची कणसं, पहिले दोन कठडे बोटालाच चिकटले, कातडीसकट निघाले. मग युक्ती काढली. अगरबत्तीच्या काडीवर मेणाचा ठिपका, त्यावर तुकडा. मग जमलं. खांब लावला, त्याच्यावरचे आडवे दांडे लावले. कठडा केसासारखा, त्याच्याकडं जोरात बघितलं तरी वाकंल असा. दादानं ते मागं का ठेवलंवतं ते तवा कळलं.

रंगाची अडचण होती. पाळण्याच्या डब्यांना मारायचा पांढरा आणि काळा होता, तो मिसळून मिसळून राखाडी केला. चाचाकडनं न मागता घेतला, म्हणून त्यांना सांगू नका. न्हाईतर सांगा, त्यांना कळलंच हाय. नंबराचे चिठोरे पाण्यात भिजवून चिकटवायचे असतात, ते चिकटवले. एक जरा वाकडा बसलाय.

सगळ्यात शेवटी मागच्या पाटावर हेलिकॉप्टर बसवलं. ते चिकटलं तवा मी केबिनीत एकटाच टाळ्या वाजवल्या. बाहेर प्रसादाची रांग होती, एक म्हातारी आत वाकून म्हणली, काय झालं रं लेकरा. तिला दाखवलं. ती म्हणली, चालतं का. मी म्हणलं, चालत न्हाई, तरंगत न्हाई, नुसतं हाय. तिनं जहाजाला नमस्कार केला आणि गेली.

दादाला मी आयुष्यात कवाच काही देऊ शकलो न्हाई. त्यानंच दिलं सगळं, चप्पलबी. आता निदान त्याचं एक काम अर्धं राहिलं न्हाई.

बघितल्यावर लगेच लिहा.

तुमचा अंगद

*

दिंद्रुड,
१३ मार्च

अंगद भाऊजी,

परभणीचं पत्र आणि जहाज एकाच दिवशी मिळालं.

चांगलं झालंय. खोटं लिहीत नाही. वाकडा नंबर शोधावा लागला.

मी आधी सांगायला पाहिजे होतं ते आता सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत हे परत निघाले, तेव्हा मी कोपऱ्यात जाऊन बसले होते. यांनी एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "हे लावायला मला यावंच लागंल." मी हसले. पुढच्या सुट्टीत आले ते चपला काढायच्या आधी तो तुकडा मागितला, लावला, आणि जाताना दुसरा दिला. मग तीच रीत पडली. दरवेळी एक लावायचा, एक ठेवून जायचा. जास्त काम करायचेच नाहीत, जहाज संपू नये म्हणून. लोक म्हणायचे हनुमानच्या हाताला उरक नाही. आम्ही दोघं ऐकून गप्प बसायचो.

ह्या खेपेला हेलिकॉप्टर दिलं होतं. ते मी माझ्या ट्रंकेत ठेवायची, पण आत्याबाई माझी ट्रंक बघतात, म्हणून तेही जहाजासोबत तुमच्याकडं पाठवलं. नवराबायकोतलं दिराला काय सांगायचं म्हणून लिहिलं नाही. लाज वाटली. जसं आहे तसं ठेवा एवढंच लिहिलं.

मला कळतं भाऊजी. प्लास्टिक आहे. एका काडीपेटीतल्या तुकड्यावर समुद्रातला माणूस येत नाही, हे कळायला मी काही लहान नाही. पण साडी सोडली, ते पूर्ण जहाज समोर बघितलं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आता यांना यायला काही कारण उरलं नाही. तोपर्यंत असं एकदाही वाटलं नव्हतं. कागद आला तेव्हाही नाही.

मी तिथून उठून ओसरीवर गेले आणि नानांना म्हणाले, करा.

अमावस्येला, २९ तारखेला, मंजरथला आहे. आता लपवायचं काही राहिलं नाही. आत्याबाईंनी जहाज बघितलं आणि म्हणाल्या, घेऊन जाऊ. नानांचा निरोप आहे की तुम्ही भाऊ आहात, खांद्याला पाहिजेत. या.

तेजश्री

*

परळी,
१७ मार्च

वहिनी,

तुमी हो म्हणलेलं माघारी घ्या. मी नानाच्या पाया पडतो. मी सांगतो माझ्यामुळं झालं. मी येतो आणि ते हेलिकॉप्टर काढून तुमच्या हातावर ठेवतो, ब्लेडनं अलगद निघंल.

निघत न्हाई. वरची ओळ लिहून चाचाकडं गेलतो. ते म्हणले फेविक्विकनं प्लास्टिक वितळून एक होतं, काढायला गेलं की मोडंल. मग ते म्हणले, मी सांगितलंवतं. मग म्हणले, जेवून घे.

तुमी लिहिलंवतं जसं हाय तसं ठेवा. मी ती ओळ वाचलीवती. कुठल्याबी ओळीवरून मी पुढं पळतो, तुमाला माहीतच हाय. मला वाटलं मोडू नका एवढाच त्याचा अर्थ. मला वाटलं दादा गेला हे मला कळलंय आणि तुमाला कळायला येळ लागतोय, तवर हाताला धरायला काहीतरी धड द्यावं. मी लिहिलं न्हाई पर मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं की तो गेला. म्हणूनच मला ते पुरं करता आलं. त्याची वाट बघत असतो तर मी एक कठडाबी लावला नसता.

नानाला थांबवा. न्हाई जमलं तर मी येतो.

अंगद

*

दिंद्रुड,
२१ एप्रिल

अंगद भाऊजी,

तुमच्या १७ तारखेच्या पत्राला उत्तर दिलं नाही. नानांना थांबवायला माझ्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं. एकदा मनातून गेल्यावर तोंडानं माघारी घेऊन काय करू.

मंजरथला तुम्ही खांदा देऊन झाल्यावर थेट घाटाच्या खालच्या पायरीवर पाण्यापाशी जाऊन उभे राहिलात, आणि सगळं उरकल्यावर कुणाला न सांगता गेलात. वर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. म्हणून लिहिते.

पुतळा लहान होता. मला वाटलं होतं माणसाएवढा असेल. नारळाला कुणीतरी यांची टोपी घातली, ती खाली सरकत होती, नाना पुन्हा पुन्हा नीट करत होते. मंगळसूत्र काढायला आत्याबाई पुढं आल्या, त्यांच्या हातानं फासा निघेना. मग मीच काढलं आणि त्यांच्या ओंजळीत दिलं, आणि त्या माझ्या गळ्यात पडल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा.

मग आत्याबाईंनी जहाज पुढं केलं. गुरुजींनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, हे प्लास्टिक आहे, ह्याला अग्नी देत नाहीत, घाण धूर होतो. आत्याबाई म्हणाल्या, "मंग आधी कावून न्हाई सांगितलं?" ते म्हणाले, "मला कुणी विचारलं? मी म्हणलो होतो अंगावरचं एखादं वस्त्र आणा." नानांनी पिशवीतून चौकड्याचा शर्ट काढून दिला. आवडती वस्तू ठेवायची असं आत्याबाईंना कुणीच सांगितलं नव्हतं, भाऊजी. जहाज कधीच जाणार नव्हतं. फळीवर होतं तसं राहिलं असतं तरी चाललं असतं.

मला तेव्हा हसू आलं. खरंच. पदर तोंडावर धरला, बायकांना वाटलं रडते आहे, त्यांनी मला धरून बसवलं.

वन्संचं लग्न ४ मेला आहे. घरात माणसं बोलायला लागलीत. कडूबाई येऊन बसतात, माझ्याशी काय बोलायचं ते त्यांना आता कळतं. मी जूनपासून शाईस्ताकडं रोज जाणार आहे, शिवायला. मशीन ती देते.

जहाज टीव्हीवर ठेवलंय. नानांनी त्याच्यासाठी काचेची पेटी करून आणली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पेटी उघडून दाखवतात आणि सांगतात, आमच्या अंगदनं केलं, बघा कसं हुबेहूब. त्यात यांचं नाव येत नाही. नाना मुद्दाम नाही करत, त्यांना ते नाव तोंडातून काढवत नाही, तुमचं काढता येतं. तोफ कुणी लावली, मनोरे कुणी लावले, ते मला माहीत आहे. मी चहा देते आणि आत जाते.

मला तुमचा राग नाही. हे दोनदा वाचा, पुढं पळू नका. राग नाही. पण लग्नाला तुम्ही आलात तर नाना सगळ्या पाहुण्यांसमोर ते तुमच्या हातात देतील आणि कौतुक करतील, आणि मला तिथं उभं राहून हसावं लागेल. ते माझ्याच्यानं होणार नाही. तुम्हाला बघितलं की मला ते पूर्ण झालेलं दिसतं.

तेव्हा लग्नाला येऊ नका. नंतरही काही दिवस येऊ नका. किती दिवस ते मला सांगता येत नाही. हे तुमचं घर आहे हे मला माहीत आहे, आणि ते माहीत असून लिहिते आहे.

तेजश्री

*

येरमाळा,
२७ एप्रिल

वहिनी,

पत्र दोनदा वाचलं.

नानाला मी येगळं पत्र टाकलंय की मला लांब काम लागलं, कर्नाटकात, मालक सुट्टी देत न्हाई, लग्नाला येता येणार न्हाई आणि दिवाळीचंबी अवघड दिसतंय. नाना शिव्या घालतील. मोठीआई इचारंल, असलं कसलं काम की घरी येता येत न्हाई. तुमाला इचारलं तर तुमीबी हेच सांगा, म्हणजे दोघांचं जुळंल.

अंगद